नुसते ओठ हलवा

"वहिनी, बाळाला एवढं सांगा, पप्पांनी सूर लावला की वर बघायचं."

जोएल भालेराव हे इतकं सहज म्हणाले, की आठ महिन्यांची स्तुती मान डोलावून 'बरं' म्हणेल असं मलाही क्षणभर वाटलं.

जोएलदादा आमच्या चर्चचे सेक्रेटरी. धंदा लग्नाच्या फोटोंचा आणि उत्साह दहा माणसांचा. दर मे महिन्यात आमच्याकडे ख्रिस्ती कुटुंब सप्ताह असतो. आठवडाभर संध्याकाळी घरोघरी प्रार्थना, शनिवारी चर्चच्या मैदानात प्रीतिभोजन, म्हणजे सगळ्या मंडळीची एकत्र पंगत, आणि रविवारी समाप्तीची उपासना. त्या वर्षी शनिवारी मोठ्या पडद्यावर एका आदर्श कुटुंबाची फिल्म दाखवायची असं जोएलदादांच्या मनात आलं. फिल्मचं नाव 'गाणारं घर'. घर आमचं निवडलं, कारण माझा नवरा प्रफुल्ल शाळेत संगीत शिकवायचा आणि चर्चचा क्वायर त्याच्याकडे होता.

सकाळपासून श्रीरामपूरच्या आमच्या दोन खोल्या सजवणं चाललं होतं. सासूबाईंचं शिवणयंत्र व्हरांड्यात गेलं. फ्रिजपुढे पडदा आला. शेजारच्या लोंढेबाईंचा गालिचा आला, पाळकसाहेबांच्या घरची फुलदाणी आली आणि जोएलदादांच्या सासरचं, सोनेरी कडांचं भलंमोठं बायबल आलं.

"आमचं आहे की," सासूबाई म्हणाल्या.

"काकू, तुमचं वापरून वापरून फाटलंय. पडद्यावर बरं दिसत नाही."

सासूबाई हसल्या आणि ते जडशीळ पुस्तक मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या. पुढे गालिच्यावर प्रफुल्ल पेटी घेऊन, शेजारी मी मोतिया साडीत, मांडीवर स्तुती. प्रफुल्लने तिच्यासाठी एक अंगाई रचली होती. ती त्याने सुरू करायची, बाळाने चमकून वर बघायचं आणि हसायचं. सगळ्या फिल्मचा जीव त्या हसण्यात होता.

प्रफुल्लने सूर लावला. स्तुती उशीच्या गोंड्याशी खेळत राहिली.

"परत एकदा," जोएलदादा म्हणाले.

तिने गोंडा तोंडात घातला.

"भूक लागली असेल."

"आत्ताच पाजलंय," मी म्हटलं.

"मग झोप आली असेल."

"झोपूनच उठलीये."

"कमाल आहे. आमच्या पोराला नुसती कुकरची शिटी ऐकू आली तरी कंबर हलवतं. आणि हे गाण्याच्या घरातलं पोर, बापाच्या सुराकडे ढुंकून बघत नाही."

मी प्रफुल्लकडे बघितलं. तो खाली मान घालून पेटीच्या पट्ट्या पुसत होता. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मर्सी, तू ऊठ. तिला आईच्या मांडीवर दे. तू जोएलदादांच्या मागे उभी राहा, मोबाईल घेऊन. मी सूर लावला की टॉर्च लाव."

"टॉर्च कशाला?" जोएलदादांनी विचारलं.

"तिला उजेड आवडतो."

ते खरं होतं. मी कॅमेऱ्याच्या मागे गेले. पेटी वाजली, मी टॉर्च लावला, आणि स्तुतीने झटकन मान वर करून, दोन्ही दात दाखवून असं हसून दिलं की जोएलदादांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघा," ते म्हणाले. "काय कान आहे पोरीचा. बापाचा कान घेतलाय."

मला टॉर्च बंद करायचं सुचलं नाही. तो तसाच माझ्या हातात जळत राहिला.

स्तुतीला ऐकू येत नव्हतं. त्या घरात हे फक्त मला आणि प्रफुल्लला ठाऊक आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

पुण्याला नेऊन तपासणी केली होती. झोपलेल्या लेकराच्या डोक्याला तारा चिकटवल्या होत्या आणि पडद्यावर रेघा सरळच्या सरळ चालल्या होत्या. डॉक्टरीणबाई वयाने मोठ्या, बोलायला मऊ. म्हणाल्या, दोन्ही कान फार कमी आहेत, पण अगदी बंद नाहीत. मशीन लावा, जागी असेल तितका वेळ लावा, आणि उशीर करू नका. हिला जे ऐकू येईल त्यातूनच हिचं बोलणं येणार आहे.

मग त्यांनी विचारलं होतं, "घरात आणखी कुणाला कमी ऐकू येतं का?"

"नाही," प्रफुल्ल म्हणाला होता.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्याच्या आईला कित्येक वर्षांपासून काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

प्रफुल्ल लहान असताना सासूबाईंचे कान हळूहळू गेले. का गेले ते कुणालाच सांगता आलं नाही. बालवाडीची नोकरी सोडून त्या घरी शिवणकाम करू लागल्या आणि माणसांचे ओठ वाचायला आपल्या आपण शिकल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा घराची रीत कळायला मला चार दिवस लागले. आईंशी बोलायचं तर आधी खांद्याला हात लावायचा, समोर यायचं, तोंडावर उजेड घ्यायचा. ओरडायचं नाही, ओरडलं की ओठ वेडेवाकडे होतात. आणि त्यांना कळू नये असं काही बोलायचं असेल तर नुसती पाठ फिरवायची. पूर्वी आम्ही पाठ फिरवायचो ते त्यांच्या वाढदिवसाची साडी ठरवायला. त्या तपासणीपासून मात्र रोज फिरवत होतो. दोघंही ओट्याकडे तोंड करून उभे राहायचो, मी भाजी चिरत, तो उगाच पेला विसळत.

"आज लावूया मशीन."

"ईस्टरची गाणी होऊ देत गं. डोक्यात नुसता गोंधळ आहे."

ईस्टर झाला. गुलाबी रंगाची, शेंगदाण्याएवढी दोन मशीन पुण्याहून स्तुतीच्या कानाच्या मापाने होऊन आली. ती डबीत घालून प्रफुल्लने कपाटात, चादरींच्या खाली ठेवली.

"आता?"

"पाहुणे जाऊ देत."

पाहुणे गेले. मग जोएलदादा फिल्मचं घेऊन आले.

"सप्ताह होऊ दे, मर्सी. शनिवारपर्यंत थांब. चारचौघांत तिच्या कानात ते दिसलं की लोक नुसती कीव करत घरी येतील. चार दिवसांनी काय बिघडतंय?"

चार दिवसांनी काही बिघडत नाही, हे मलाही कळत होतं. मला भीती वेगळीच होती. एकदा का सगळ्या मंडळीने स्तुतीला गाणं ऐकून हसताना बघितलं, की मग तिच्या कानात मशीन घालून हा माणूस उंबऱ्याबाहेर पडणार कसा? ती फिल्म दाखवली गेली की ती डबी चादरींखालून कधीच निघणार नाही, असं मला वाटायचं. आणि तिकडे माझ्या लेकीचा एकेक मुका दिवस जात होता.

त्याला मी एवढंच विचारलं होतं, "तुला लाज वाटते का तिची?" त्याने नळ सोडला आणि पेला विसळायला घेतला.

तर त्या सकाळी अंगाई झाली, चहा झाला आणि शेवटचा प्रसंग आला. कुटुंबप्रार्थना.

नेमकं तेव्हाच रस्त्यावरून कुणाच्या तरी हळदीचा बँड चालला होता. जोएलदादा वैतागून खिडकीशी गेले, परत आले आणि हात झटकले.

"जाऊ दे. आवाज घेतच नाही मी. याच्यावर प्रफुल्लचं गाणंच टाकतो, छान वाटेल. तुम्ही गुडघे टेका, डोळे मिटा आणि नुसते ओठ हलवा."

"म्हणजे म्हणायचं काय?" प्रफुल्लने विचारलं.

"काहीही म्हण. पाढे म्हटलेस तरी चालतील. चेहरा फक्त भक्तीचा पाहिजे."

सासूबाईंनी त्यांच्या खांद्याला हात लावला. "जोएल, काय म्हणालास? माझ्याकडे बघून बोल."

जोएलदादा त्यांच्यासमोर वाकले. "म्हटलं, काकू, आवाज नको. नुसते ओठ हलवा."

"मी खरीच करते प्रार्थना. तुला काही अडचण नाही ना?"

"नाही हो काकू. दिसायला सारखंच."

आम्ही गुडघे टेकले. मी डोळे मिटले आणि मला काही सुचेना. कॅमेरा आमच्या तोंडांवरून फिरत होता आणि देवापुढे खोटे ओठ कसे हलवायचे ते मला जमेना. मी 'स्तुती, स्तुती' एवढंच म्हणत राहिले, आणि ते लेकीचं नाव होतं की प्रभूची स्तुती होती, ते माझं मलाही सांगता आलं नसतं. मध्येच डोळे किलकिले केले, तर जोएलदादा प्रफुल्लपुढे मांडी घालून बसले होते, कॅमेरा अगदी त्याच्या तोंडासमोर. प्रफुल्लचे ओठ हलत होते. मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या.

"वा," जोएलदादा पुटपुटले. "हे पाहिजे होतं."

संध्याकाळी गालिचा परत देऊन येताना मी त्याला विचारलं, "काय म्हणत होतास तेव्हा?"

"पाढे," तो म्हणाला. "एकोणिसाचा."

शनिवारी ऊन उतरल्यावर मैदानात सतरंज्या पडल्या. जेवणाला भात, मटणाचा रस्सा आणि बुंदी. जो तो येऊन स्तुतीचा गालगुच्चा घेत होता. लोंढेबाईंना तर आपला गालिचा पडद्यावर बघायची इतकी घाई झाली होती, की त्यांनी हात धुऊन सगळ्यात पुढची जागा धरली आणि सासूबाईंना, मला शेजारी ओढलं. प्रफुल्ल मागे क्वायरच्या मुलांबरोबर उभा होता.

पडदा उजळला. आमचं घर दिसलं, किंवा आमच्या पत्त्यावरचं कुणाचं तरी घर. पेटी वाजली. स्तुतीने मान वर केली आणि ती पडदाभर हसली. मैदानभर "अगं बाई" असा एक सूर उमटला आणि टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "आत्तापासून सूर कळतो तिला." स्तुती माझ्या मांडीवर त्या मोठ्या पडद्यावरच्या उजेडाकडे बघत होती. मी तिचे कान माझ्या दोन्ही हातांनी झाकले. का, ते मला सांगता येणार नाही.

मग प्रार्थना आली. गाण्याचे सूर चालू होते आणि पडद्यावर प्रफुल्लचा चेहरा, दोन पुरुष उंच. मिटलेले डोळे, काळ्या मिशा आणि हलणारे ओठ.

माझ्या शेजारी सासूबाई ताठ झाल्या.

फिल्म संपली. लोक टाळ्या वाजवत असतानाच त्या उठल्या, साडी सावरत जोएलदादांच्या टेबलापाशी गेल्या आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जोएल, ते परत लाव."

आपला आवाज किती लागतोय हे त्यांना कळायचं नाही. त्यामुळे चारचौघांत त्या शक्यतो बोलायच्याच नाहीत. लोक कौतुकाने हसले.

"आजीबाईंचं पोट भरलं नाही," कुणीतरी म्हणालं.

"नातीचं का, काकू?"

"नातीचं नको. लेकाचं. प्रार्थनेचं."

जोएलदादांनी ते परत लावलं. पंगती मोडून लोक पानसुपारीकडे निघाले होते. आईंनी पदर तोंडाशी धरला आणि पडद्यासमोर एकट्या उभ्या राहून शेवटपर्यंत बघितलं. मग त्या माझ्याकडे आल्या, अगदी समोर बसल्या. तोंड उघडलं, आजूबाजूला बघितलं, आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून काहीतरी म्हणाल्या. मला त्यांच्यासारखं वाचता येत नव्हतं. त्यांनी परत म्हटलं, सावकाश.

'मशीन कुठंय?'

मी म्हटलं, "कपाटात, आई. चादरींच्या खाली."

त्यांनी स्तुतीला उचललं आणि त्या घराकडे चालू लागल्या. घर मैदानाच्या पलीकडेच. मी चपला घालून पोचते तोवर चादरी पलंगावर पडल्या होत्या आणि डबी त्यांच्या हातात होती. आमच्या पाठोपाठ प्रफुल्ल धापा टाकत आला.

"आई, काय झालं? तू अशी मधूनच का आलीस?" असं म्हणता म्हणता त्याला डबी दिसली. तो माझ्याकडे वळला. "तू सांगितलंस?"

"तिला काय विचारतोस? इकडे बघून बोल," सासूबाई म्हणाल्या. "तू सांगितलंस. मैदानात, पडद्यावर. प्रभू, स्तुतीला ऐकू येत नाही, तिचं मशीन मी लपवून ठेवलंय, एवढं आईला कळू देऊ नको. ती म्हणेल माझ्यामुळे झालं. ती हे जन्मभर मनाला लावून घेईल. असंच म्हणालास ना?"

प्रफुल्ल दाराला टेकला.

"मिशा आड आल्या, म्हणून परत लावायला सांगितलं. तरी शेवटचं नाही कळलं मला. सत्तावन्न, शहात्तर असं काहीतरी होतं. सत्तावन्न काय?"

"एकोणिसाचा पाढा," तो म्हणाला. "पुढे रडू यायला लागलं, म्हणून पाढा म्हटला."

मला हसू आलं आणि त्यातच रडूही. पुण्याच्या त्या खोलीतलं त्याचं 'नाही' मी दोन महिने काळजात घेऊन फिरत होते. आपल्या आईची लाज वाटते याला, आपल्या लेकीचीही वाटते, असं मी धरलं होतं. ते 'नाही' लाजेचं नव्हतंच. आईच्या डोक्यावर हे ओझं ठेवायला त्याची जीभ उचलली नव्हती, एवढंच.

"आणि तुम्हाला वाटलं, मला कळलं नसेल?" सासूबाई खाली सतरंजीवर बसल्या. स्तुती समोर. "मला ही तीन-चार महिन्यांची असल्यापासून ठाऊक आहे. ऐकणारं लेकरू आपल्या डोळ्यांत बघतं रे. ही तोंडाकडे बघते, माझ्यासारखी."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाशी बोलू? तुम्ही दोघं ओट्याकडे तोंड करून उभे. मागून मला तुमचे नुसते खांदे दिसायचे. भांडणाऱ्या माणसाचे खांदे कळतात." त्यांनी डबी उघडली. "मला वाटलं, पोर माझ्यावर गेलं याचा राग आलाय तुला. म्हटलं, त्याला सांगवेल तेव्हा सांगेल. या डबीचं मात्र ठाऊक नव्हतं. डॉक्टरांना दाखवूनच आणली असेल ना ही? मग ही अजून चादरीखाली कशी? याचा मात्र मला राग आलाय, प्रफुल्ल. माझ्या काळी हे असतं तर मी तुझी एक तरी अंगाई ऐकली असती."

प्रफुल्ल त्यांच्यापाशी येऊन बसला. मग त्यानेच मला म्हटलं, "कसं बसवायचं ते तुलाच दाखवलंय ना त्यांनी? बसव."

मी बसवलं. चमत्कार काही झाला नाही. स्तुती दचकली, तोंड वाकडं केलं, भोकाड पसरलं, आणि आपल्याच रडण्याने आणखी घाबरून आणखी रडली. मग तिने एक मशीन उपटून पलंगाखाली फेकलं. ते शोधायला प्रफुल्ल पोटावर झोपून आत शिरला, आणि खालूनच म्हणाला, "जोएलदादांना सांगून ती फिल्म आजच काढून टाकायला लावतो."

तो काय म्हणाला ते मी सासूबाईंना समोर येऊन सांगितलं.

"नको," त्या म्हणाल्या. "राहू दे. त्यात तू एक वाक्य खरं बोललायस. आणि ते फक्त मला ऐकू येतं."

ती फिल्म अजून चर्चच्या ऑनलाइन चॅनेलवर आहे. बाळाला सुराची किती जाण, असं लोक अजून तिच्याखाली लिहितात. स्तुती आता तिसरीत आहे. मशीन आहेच, बोलणं जरा नाकातून येतं, आणि गाण्यापेक्षा गणित आवडतं. धाकटा पाळण्यात झोपलाय तोवर मी हे लिहितेय, आणि बाहेर ती व्हरांड्यात आजीशी दोऱ्याच्या रिळावरून भांडतेय. भांडताना दोघी एकमेकींच्या तोंडासमोर तोंड आणतात. दोघींचाही आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. मी हात जोडते आणि लिहायला घेते.

फिल्मच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी स्तुतीला तयार केलं. मशीन कानात होतं. निघताना प्रफुल्लने आतून तिचं टोपडं आणलं.

"हे घाल."

"मे महिन्यात?"

"पंख्याचा वारा लागेल."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली, पण टोपडं पुढे केलेलंच होतं. रात्रभरात माणूस किती बदलणार? मी टोपड्याचे बंद बांधले. सासूबाईंनी बघितलं आणि चपला पायात सरकवल्या.

चर्च भरलेलं होतं. प्रफुल्ल पुढे पेटीपाशी. आमच्या उपासनेत उपदेश झाला की उपकारस्तुतीची वेळ असते. पाळकसाहेब विचारतात, कुणाला प्रभूचे उपकार मानायचे आहेत? मग एकेक जण उठतो. मुलगा चांगल्या मार्कांनी पास झाला. जावयाला दुबईला काम मिळालं. मुतखडा ऑपरेशनशिवाय पडला. सगळं निस्तरल्यावरच माणसं उठतात. अजून गळ्याशी असलेलं कुणी तिथे बोलत नाही.

त्या दिवशीही तसंच चाललं होतं. मुतखड्याचं झालं, नव्या घराच्या स्लॅबचं झालं. सासूबाई मान वळवून बोलणाऱ्याचे ओठ बघत होत्या. शेवटचा माणूस बसला, पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं, आणि सासूबाई उठल्या.

"मला बोलायचंय," त्या म्हणाल्या. तो आवाज छताला लागून परत आला. मागचं एक पोर दचकून रडू लागलं.

"बोला, रत्नमालाबाई," पाळकसाहेब त्यांच्याकडे तोंड करून म्हणाले.

"माझी नात स्तुती बहिरी आहे. माझ्यासारखी. काल पिक्चरमध्ये ती हसली ते उजेड बघून हसली, सुनेनं मागून टॉर्च धरला होता. आम्ही तिघं घरातल्या घरात एकमेकांपासून लपवत होतो. मी त्यांच्यापासून, ते माझ्यापासून. काल ते संपलं. पोर बरी झालेली नाही. पण आता आमच्या घरात कुणी पाठ फिरवून बोलत नाही. म्हणून प्रभूचे उपकार."

आणि त्या बसल्या.

एरवी अशा वेळी सगळे मिळून 'आमेन' म्हणतात. त्या दिवशी कुणालाच म्हणता येईना. बरं झालेलं नाही त्याचे उपकार मानताना आमेन म्हणावं की नाही, असं सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. जोएलदादा दाराशी मोबाईल उंच धरून उपासना चॅनेलवर दाखवत होते, त्यांचा हात हळूहळू खाली आला. मी मान वर करू शकत नव्हते. मला फक्त पेटीचा भाता बंद झाल्याचा आवाज आला.

प्रफुल्ल खाली उतरला. मधल्या वाटेने आमच्या बाकापाशी आला आणि त्याने हात पुढे केले. मी स्तुतीला त्याच्याकडे दिलं. त्याने टोपड्याचे बंद सोडायला घेतले. माझी गाठ घट्ट बसली होती, त्याला सुटेना. सगळं चर्च बघत होतं आणि तो एका हाताने लेकीला सावरत, दुसऱ्याने गाठीशी झटत उभा. शेवटी सासूबाईंनी पुढे वाकून दातांनी गाठ सोडवली. टोपडं त्याने माझ्या मांडीवर टाकलं, स्तुतीला कडेवर घेतलं आणि परत वर गेला.

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले. मग सगळे म्हणाले.

पुढचं गीत त्याने एका हाताने वाजवलं, भाता क्वायरमधल्या मुलीने हलवला. स्तुती त्याच्या मांडीवर रडत होती, गीत संपेपर्यंत रडत होती. त्याने सूर सोडला नाही आणि तिलाही खाली ठेवलं नाही.

उपासना सुटल्यावर दारात गर्दी झाली. कीव करायला कुणी आलं असेल तर ते मला दिसलं नाही, कारण सगळ्यांच्या पुढे शलमोन मास्तर आले. निवृत्त शिक्षक, पांढरे शुभ्र कपडे, दर रविवारी पहिल्या बाकावर. उपदेशभर मान डोलवायचे आणि दारात पाळकसाहेबांचा हात धरून म्हणायचे, "आजचं काळजाला भिडलं." आज ते माझ्यासमोर थांबले, खिशातून रुमाल काढला आणि त्याच्या घड्या उलगडल्या. आत मशीन होतं. स्तुतीच्यापेक्षा मोठं, मातकट रंगाचं.

"पोरीनं नाताळात आणून दिलंय," मास्तर हळूच म्हणाले. "म्हटलं, या वयात कानात भोंगा घालून कुठं मिरवायचं."

त्यांनी ते कानात बसवलं, खालचं बटण दाबलं आणि डोळे बारीक केले. वर बघितलं.

"हा पंखा एवढा वाजतो होय?" ते म्हणाले. आणि मग वळून, "पाळकसाहेब, जरा इकडे या. आज उपदेश कशावर होता?"

पाळकसाहेबच आधी हसले. मग प्रफुल्ल हसला, दोन महिन्यांत पहिल्यांदा, पोट धरून, आणि काय झालं ते त्याने तिथल्या तिथे आईसमोर येऊन सांगितलं. त्या इतक्या मोठ्याने हसल्या की मास्तरांनी दचकून कान धरला.

स्तुती माझ्या कडेवरून मास्तरांच्या कानाकडे एकटक बघत होती. मग तिने हात वर नेला. सकाळपासून मशीन उपटायचा तिचा उद्योग चालला होता, म्हणून मी तिचं मनगट धरायला गेले. सासूबाईंनी माझा हात अडवला. स्तुतीने आपल्या कानावरच्या मशीनला बोट लावलं, परत एकदा मास्तरांकडे बघितलं आणि हात खाली घेतला.